चौदाव्या दिवसापासून पुढची व्यवस्था

मी, बनुबाई भ्रतार नाथाजी मोहिते, वय सुमारे अठ्ठावन्न, धंदा शेती, राहणार मळेवाडी, तालुका खानापूर, जिल्हा सांगली, आज राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझे मृत्युपत्र करून ठेवते. मी सांगते आहे आणि निवृत्त शिक्षक लालासाहेब येवले लिहीत आहेत. मिरजेच्या डॉक्टरांनी माझे काळीज दमले आहे असे सांगितले. डोके दमले आहे असे कोणी म्हटलेले नाही. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी भांडून बघावे.

कलम १. माझ्या नावावरचे तीन खणांचे घर, पुढची पडवी आणि विहिरीखालची बावीस गुंठे जमीन माझा पुतण्या कै. अर्जुना याची पत्नी अंजना हिला द्यावी. अर्जुनाला आईबाप नव्हते, मीच त्याला वाढवला. गेल्या वर्षी वैशाखात पलटणीची गाडी घाटात उलटून तो गेला. अंजना सव्वीस वर्षांची आहे आणि समोरच्या घरात एकटी राहते. ती इथे राहो, माहेरी जावो, नाहीतर दुसरं घर करो, कोणी आडवं येऊ नये.

कलम २. धाकटे दीर हरिबा यांनी माझे लोखंडी घमेले अठरा वर्षांपूर्वी नेले, ते आता त्यांचेच समजावे. याशिवाय त्यांना काही नाही. इथे लालासाहेब थांबले आणि म्हणाले, "वहिनी, हे लिहायलाच पाहिजे का?" मी म्हटलं, "गुरुजी, बाकीचं ऱ्हाऊ द्या, पन ह्ये लिवाच."

कलम ३. माझा पितळी तांब्या अख्तरबी हिला द्यावा. तो का, ते लिहिल्याशिवाय कोणाला कळणार नाही, म्हणून लिहिते.

माझे यजमान पलटणीतून रजेवर आले आणि विषमज्वराने गेले, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भावकीतून भाकरी येत होत्या, बाया गळ्यात पडून रडत होत्या. तेराव्याचं गोडं जेवण झालं, पातेली घासून ज्याची त्याला परत गेली, आणि चौदाव्या दिवशी चिटपाखरू फिरकलं नाही. आपली रीतच तशी. गाव तेरा दिवस राबतं आणि समजतं, झालं, दुखवटा संपला. खोटं कशाला लिहू, मी मरायचं ठरवलं होतं.

त्या दिवशी हुसेनबी मणेरीण आली. कपाळ मोकळं झालेल्या बाईच्या दारावरून बांगडीवाली हाळी न देता पुढं जाते, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. हुसेनबी थांबली. बांगड्यांचा हारा उंबऱ्याबाहेर ठेवला, पाणी मागितलं, आणि बांगडी भरताना धरतात तसा माझा मोकळा हात हातात धरून बसली.

"बनू, हात गार पडलाय तुजा. जिवाचं बरंवाईट करायचं मनात हाय का? खरं सांग."

असं मला कोणीच विचारलं नव्हतं. मी "व्हय" म्हणाले आणि मग जी रडले, तशी त्या तेरा दिवसांत रडले नव्हते. तिनं उपदेश केला नाही. "मग आज मी जात न्हाई," एवढंच म्हणाली. उंब्रजहून माझी बहीण मनुबाई येईपर्यंत ती हलली नाही, धंदा बुडाला तरी. पुढं दर गुरुवारी आली, मरेपर्यंत, तेवीस वर्षं. हरिबा वाड्यावस्त्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "विधवेच्या दारात बांगडीवाली? आन त्याच तांब्यानं पानी?" होय, त्याच तांब्यानं. अख्तरबी तिची सून. त्या दिवसापासूनची सत्तावीस वर्षं मला हुसेनबीमुळं मिळाली. त्यांत मी अर्जुनाला वाढवलं, त्याचं लग्न लावलं, ऊस लावला, पोटभर हसले. उपकार फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत, नुसते कबूल करायचे आहेत.

कलम ४. यात माझी चूक लिहिते. मी एवढं भोगलेली बाई, आणि गेल्या श्रावणात अंजना म्हणाली, "आत्ती, आता जगून तरी काय करायचं?" तर मी काय म्हणावं? "तिन्हीसांजेचं असलं अभद्र बोलू नगंस!" जळ्ळं मेलं माझं तोंड! पोर गप्प झाली ती चार दिवस गप्पच. पाचव्या दिवशी मला लाज वाटली. जाऊन तिचा हात धरला आणि हुसेनबीनं विचारलं तसं सरळ विचारलं. तिनं सांगितलं. मग आम्ही दोघी मिरजेला गेलो. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, पाप नाही. औषध घ्या आणि माणसांत राहा. औषध चालू आहे. हे सगळं अंजनाला विचारूनच लिहिते आहे. विचारल्यानं कोणाच्या मनात नसलेलं भरत नाही. असलेलं बाहेर पडतं.

कलम ५. माझ्या तेराव्याला गावजेवण घालू नये. चौदाव्या दिवसापासून अंजनाकडे माणूस जावं. सोमवार, मंगळवार शेजारीण धोंडुबाई. बुधवार लालासाहेबांची मंडळी. गुरुवार अख्तरबी. शनिवारी मनुबाईनं एस.टी.नं यावं आणि रविवारी राहावं. गेल्यावर ज्ञान पाजळू नये. "देवाची मर्जी" म्हणू नये. डाळ निवडावी, चहा प्यावा, अर्जुनाचं नाव निघालं तर विषय बदलू नये. ती काही जड बोलली तर ऐकावं, सरळ विचारावं, तिला एकटं सोडून उठू नये आणि मिरजेला न्यावं.

कलम ६. एवढं झाल्यावर लालासाहेबांनी पडवीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. अंजना कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आत्ती, शुक्रवार ऱ्हायला."

"ऱ्हायला कसा? शुक्रवारी आपन दोघी बाजारला जातो की!"

सगळे हसले. मेल्यानंतरच्या व्यवस्थेत मी स्वतःलाच धरून बसले होते. अंजना मात्र हसली नाही. "आवं, पन तवा तुमी नसनार न्हवं. मग शुक्रवारी कोन येनार?"

जेवतेस का विचारलं तरी वर्षभर "बघू" म्हणणारी पोर ही. मला रडू फुटलं. ते आनंदाचं होतं, असं लालासाहेबांनी स्पष्ट लिहावं. अख्तरबी म्हणाली, "मी हाय की. गुरुवारी बी येते आन शुक्रवारी बी." अंजना सातवी शिकलेली आहे. मी लेखणी तिच्या हातात द्यायला लावली. खालची ओळ तिच्या अक्षरातली असून मला मान्य आहे.

शुक्रवार. अख्तरभाभी. दुपारनंतर. मी घरात असेन.

येणेप्रमाणे वाचून, ऐकून, समजून डाव्या हाताचा अंगठा उठवते. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून अंजना आणि अख्तरबी यांच्या सह्या घेतलेल्या नाहीत.

बनुबाई भ्रतार नाथाजी मोहिते, निशाणी डावा अंगठा

साक्षीदार:
१. लालासाहेब येवले, निवृत्त शिक्षक (लेखक व साक्षीदार)
२. बिराप्पा हाके, राहणार मळेवाडी

मुक्काम मळेवाडी, गुरुवार, ता. ६ नोव्हेंबर १९७५