जयंतीआधी फ्रेट बदलायचे आहेत

२० फेब्रुवारी १९८३, लातूर
आजपासून ही वही. कुणाला दाखवायची नाही. पंचशीलेला, म्हणजे बायकोला, तर नाहीच.
निश्चय: १४ एप्रिलच्या आत गिटारचे फ्रेट बदलायचे. मानेवरच्या या आडव्या पट्ट्या. तार त्यांच्यावर दाबली की सूर निघतो. माझ्या पहिल्या तीन पट्ट्यांना खाचा पडल्यात, तार दाबली की खर्र होतं. बाकीच्या सोळा मात्र नव्यासारख्या चमकतात. दहा वर्षांच्या कठोर रियाझाचा आणखी काय पुरावा द्यायचा?
लातूर जिल्हा झाल्यावरची ही पहिली जयंती. मोठ्या मैदानात आमच्या गायन पार्टीची भीमगीतं. गाणार पंचशीला, गिटारवर मी. भीमगीताला गिटार लावणारा मराठवाड्यात मीच पहिला असणार. आईला पत्र टाकलं, ये, पुढच्या रांगेत जागा ठेवतो. तिने मला स्टेजवर अजून पाहिलेलं नाही.

२५ फेब्रुवारी
तालीम. पार्टीचे प्रमुख साहेबराव मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "सरवदे, मधीच काय खरडायलास?" मी शांतपणे फ्रेटचा विषय समजावला. ते म्हणाले, केरबाचा बेंजो एकटा पुरे. मत्सर, दुसरं काय.
वाटेत पंचशीला म्हणाली, तुम्ही टाळ्या द्या, तुमचा ताल बरा आहे. हे कौतुक की टोमणा, ठरवता येईना. कौतुक धरलं.

६ मार्च
फ्रेट लातुरात मिळत नाहीत. वाद्यांच्या दुकानदाराने मलाच विचारलं, फ्रेट म्हणजे काय. हैदराबादला जायचं तर रजा हवी, आणि कलेक्टर ऑफिसच्या टंचाई शाखेत रजा बंद. मी टँकरच्या फेऱ्या लिहितो. तरी अर्ज दिला, कारण 'सांस्कृतिक'. साहेबांनी त्याच अर्जाच्या मागे उद्याच्या टँकरच्या गावांची नावं लिहून कागद परत दिला.
कुणावाचून अडत नाही. कानस आणली. घासून सगळ्या पट्ट्या एका पातळीत आणतो. अर्ध्या तासाचं काम.

७ मार्च
आता एकोणीसच्या एकोणीस पट्ट्या खर्र करतात. एकसारखेपणा आला, ही जमेची बाजू.

१३ मार्च
पक्कड घेऊन सगळ्या पट्ट्या उपटल्या. आता माघार नाही. लाकूड या उन्हाने ठणठणीत वाळलेलं, चिपा निघाल्या. दोष दुष्काळाचा. पंचशीलेने चिपा झाडून सुपलीत भरल्या. काहीतरी बोलायला हवं होतं.
दुपारी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा होतो. एकदम रडू आलं. शेजारच्या कोंडाबाईंना वाटलं, पाण्यासाठी. त्यांनी मला पुढे जाऊ दिलं.

१८ मार्च
शिरूर अनंतपाळहून आईचं पत्र, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडते आहे. १४ तारखेचा खाडा मुकादमाला आत्ताच सांगून ठेवलाय. सोबत सहा बायका येणार. "समद्यांला सांगितलंय, माजा पोरगा इंग्रजी बाजा वाजवितो."
सहा बायका! संध्याकाळी जेवलो नाही.

२० मार्च, उदगीर
उपाय सापडला!! ऑफिसातला शिपाई नागप्पा उदगीरचा. त्याच्या गल्लीत बिदरी काम करणारे खादरचाचा राहतात. काळ्या सुरईवर खाचा कोरून त्यात चांदीची तार बसवतात. माझं काम तर याहून सोपं, खाचा तयारच आहेत! सकाळच्या एस.टी.ने गेलो.
चाचांनी मानेवरून बोट फिरवलं, चिपा निघालेल्या जागा पाहून हळहळले. म्हणाले, "फिकर नक्को करो साब. मेरा बिठाया तार नाखून को बी नहीं लगता."
मला भरून आलं. असा कारागीर हवा. म्हटलं, चाचा, अगदी तुमच्या मनासारखं करा.

३ एप्रिल, दुपारी ३
आणली. काय काम! चांदीसारख्या एकोणीस रेघा, आणि मधल्या जागेत हौसेने वेलबुट्टी. एस.टी.त दोघा-तिघांनी हात फिरवून पाहिला. लाकूड कुठे संपलं आणि तार कुठे लागली, कळतच नाही. साहेबरावांचं तोंड पाहण्यासारखं होणार.

संध्याकाळी ५
तारा चढवल्या. सूर लागत नाही. गरमीचा परिणाम असेल.

संध्याकाळी ६
कळलं. पट्टी लाकडाच्या वर उठून राहायला हवी. चाचांनी घासून घासून सपाट केली. त्यांच्या धंद्यात तार वर राहिली तर ती खोट. चूक त्यांची. मी 'वर ठेवा' म्हणालो नाही, हे खरं. पण गिटार पाहून माणसाला कळायला नको?
त्यांनी पाहिली तेव्हा तिच्यावर एकही पट्टी नव्हती. मीच उपटल्या होत्या.

१० एप्रिल
सरोदला कुठे असतात पट्ट्या? मी आता सरोदच्या अंगाने वाजवणार. रोज चार तास. चार दिवस पुष्कळ झाले.
तालमीत वाजवली. केरबाने बेंजो थांबवून विचारलं, "कोण रडायलंय?"
साहेबराव म्हणाले, तुझी आई यायलीय म्हणून स्टेजवर बस, गिटार धर, पण माइक मिळणार नाही. मग थोडा विचार करून म्हणाले, तारा बी काढून ये. पंचशीला वहीतलं गाणं वाचत राहिली. मी तडक पार्टी सोडायचं ठरवलं. मग आई आठवली. तिने पोस्टात जाऊन टाकलेलं ते पत्र आठवलं. मी होकारार्थी मान हलवली. फार लाज वाटते आहे.

१४ एप्रिल
बसलो. दीड तास बिनतारांच्या गिटारवर हात हलवत राहिलो. पंचशीला काय गायली! तिचं गाणं आज पहिल्यांदा नीट ऐकलं. एरवी मी मधे असायचो.
कार्यक्रम संपल्यावर आई स्टेजपाशी आली, मागे सहा बायका. तिने वेलबुट्टीवरून हात फिरवला. तारा कुठे आहेत ते विचारलं नाही. म्हणाली, "पेटी वळखली, बेंजो वळखला. तुजा आवाज कंचा व्हता रं?"
मी म्हटलं, सगळ्यात बारीक होता तो.
आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग बायकांकडे वळली आणि म्हणाली, "म्या म्हनलं न्हाई का? त्योच त्यो, बारीकवाला." सहाही जणी हाव म्हणाल्या. सरजाबाई तर म्हणाली, लई ग्वाड व्हता.
सगळ्यांना शिरूरच्या एस.टी.त बसवून आलो.
मी आज काहीही वाजवलं नाही.