चौथ्या तुकड्याचं पाणी

नॉकबॅन, मेयो
३ जून

चि. फेस्टीस, थोरल्या बहिणीचे टोपलीभर आशीर्वाद.

नाही रे बाबा, कौन्सिलला तुझ्या कोंबड्यांचं नाव मी नाही सांगितलं. युनिव्हर्सिटीची ती क्लोडा, तिनेच डोंगरापलीकडे बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला नेमकी तुझी शेड निघाली, त्याला मी काय करू?

तुला नीट सांगते. आमच्या दलदलीवर तिने पलंगाएवढे चार तुकडे आखलेत. हवेतून नायट्रोजन पडतो म्हणे, गाड्यांचा, शेणाचा, कोंबड्यांच्या घाणीचा. शेवाळ तो खातं. शेवाळाचं पोट भरलं की उरलेला खाली पीटच्या, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या काळ्या मातीत उतरतो आणि तिथून चराच्या पाण्यात. पोट कितीला भरतं, ते तिला बघायचंय. म्हणून तीन तुकड्यांना खताचं पाणी कमी-जास्त द्यायचं, आणि चौथ्याला नुसतं पावसाचं. दर शनिवारी झारीने घालायचं काम माझ्याकडे. खालून झिरपलेलं पाणी ती बाटल्यांत भरून नेते.

तर चौथ्याचंच पाणी सगळ्यात खराब निघालं. पोरीने दोन दिवस घास घेतला नाही. म्हणाली, मिसेस रुआन, वरून काहीतरी पडतंय. मी म्हटलं, मेयोत वरून सारखंच पडतं, बाई. हसली नाही. फार शिकलेली आहे.

कौन्सिलच्या नोटिशीने घाबरू नकोस. अंडी पाठव. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
डीलिया


ड्रमगॅल
१४ जून

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा वाकत नाही, मनानेच घे.

घाबरू नकोस म्हणतेस, शेड तुझी नाहीये. तीस तारखेला हॉलमध्ये कौन्सिल बसणार. परवाना गेला तर सहाशे कोंबड्या आणि मी, सगळेच रस्त्यावर. नोरीनने आत्ताच माहेरी फोन करून खोली रिकामी आहे का विचारलंय.

वारा कुठून येतो ते बघायला मी नोरीनचे परकर कुंपणावर टांगले. बारा दिवस लिहून ठेवलं. वारा तुझ्याकडून माझ्याकडे येतो, ताई. तुझं बेकन करपलं की मला कळतं. क्लोडा आली, परकर मोजून गेली. नोरीन तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

फादर कीनना बोलावलं. त्यांनी शेडवर पवित्र पाणी शिंपडलं. क्लोडाने त्याचीही बाटली भरून नेली.

तुझ्या डोळ्यांसमोर रोज तो तुकडा असतो. काही दिसलं असेल तर सांग. थट्टा नको. अंडी पाठवलीत, बहुतेक शेवटचीच.

माया असू दे.
फेस्टी


नॉकबॅन
२५ जून

चि. फेस्टीस खूप खूप आशीर्वाद. आज जरा जास्तच घे, पुढे लागतील.

फादरचं पाणी चांगलं निघालं. तुझे परकरही तिने खरे धरले. त्यातून पोरीने काय काढलं ठाऊक आहे? की तुझ्या कोंबड्यांचा वायू वाऱ्याच्या उलटा चालतो. जगात पहिल्यांदाच. डब्लिनला मोठ्या सभेत ती हे मांडणार, मागे पडद्यावर तुझा लंगडा कोंबडा. त्याचा फोटो मला दाखवला. ऐटीत उभा आहे मेला.

हसून हसून मी टेबलाला धरलं. ती गेल्यावर मात्र हसू आलं नाही. पोरीची तीन वर्षं, तुझी शेड, आणि मध्ये मी बसलेय झारी घेऊन.

तीस तारखेला मी हॉलमध्ये उभी राहून बोलणार आहे. क्लोडाला आज संध्याकाळी चहाला बोलावलंय, तिला आधी सांगते. पण तुला त्याच्याही आधी कळायला हवं, म्हणून पोस्टमनला दारात थांबवून लिहितेय. हे वाचताना बसून घे. नोरीनच्या हातात काही फुटण्यासारखं असेल तर काढून घे.

लोभ होता तेवढाच ठेव. कमी केलास तरी कुरकुर करणार नाही.

तुझी,
डीलिया

ता. क. तिघांना वाढायचं आणि चौथ्याला नुसतं पाणी दाखवायचं, मला नाही बघवलं. तुझा दाजी मालाकी गेल्यापासून त्याचं खताचं पोतं गोठ्यात तसंच पडून होतं. ऑक्टोबरपासून दर शनिवारी मीच चौथ्याला घालतेय. तिघांपेक्षा जास्त.