गॅरेजमधला मधला खांब

४ मार्च
लेक येऊन गेली. जेमतेम दोन तास. मुक्कामाला राहा म्हटलं, तर म्हणे गाडी रस्त्यावर ठेवून झोप लागत नाही, आणि आपल्या गॅरेजमध्ये मधल्या खांबामुळे ती वळत नाही. मुद्दा बिनतोड. खांब गेला पाहिजे.

५ मार्च
खांबावर टकटक करून पाहिलं. आवाज पोकळ. म्हणजे निव्वळ शोभेचा. बायकोच्या हौसेपायी बांधला असणार. विचारायला ती आता नाही.

८ मार्च
शेजारच्या इंजिनिअरला सहज विचारलं. म्हणतो, वरच्या खोलीचा सगळा भार याच खांबावर आहे. काढायचाच तर आधी टेकू द्या, लोखंडी तुळई घाला, मग हात लावा. हल्लीची मुलं फार पुस्तकी. वर भार कसला? लेकीचा पलंग आणि कपाट. कपाट तर रिकामंच आहे.

१२ मार्च
गवंडी आला. खांब पाहिला, चहा प्यायला, गेला. आता फोन उचलत नाही. घाबरट. मीच कंबर कसतो.

१५ मार्च, सकाळ
छिन्नी, हातोडा आणला. टेकू म्हणून गाडीचा जुना जॅक लावला. छतापर्यंत पोचेना. टेबलावर स्टूल, स्टुलावर जॅक. इंजिनिअरने सांगितलेलं सगळं केलं, तुळई सोडून.

दुपार
गिलावा निघाला. आत सळयाच सळया. शोभेच्या खांबाला एवढ्या? बायकोला काटकसर कधी जमलीच नाही.

१७ मार्च
अर्धा खांब फत्ते. लेकीच्या खोलीचं दार लागत नाही. हवा दमट आहे. दार रंध्याने तासलं.

१८ मार्च
आता खिडकीही अडकली. दमटपणा वाढलाय. लेकीला फोन करून सांगितलं, खांब अर्धा गेला, रविवारी गाडी घेऊनच ये, मुक्कामाला. तिने कुठला खांब, असं दोनदा विचारलं. आनंद झाला असावा.

२० मार्च
इंजिनिअरला बाहेरून भिंतीतली भेग दिसली. आगाऊ. माणसं आणून त्याने गॅरेजभर लोखंडी टेकू लावून घेतले. आता सायकलसुद्धा आत जात नाही. वरच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. तात्पुरती अडचण.

२१ मार्च
लेक आली. टॅक्सीने, धावतपळत. टेकूंमधून वाट काढत खांबापाशी गेली आणि तिथेच सिमेंटच्या चुऱ्यात मटकन बसली. मी म्हटलं, तुझ्या गाडीसाठीच चाललं होतं गं.

"गाडीचं मी आपलं काहीतरी सांगितलं, बाबा. आई गेल्यापासून मला या घरात झोपच लागत नाही."

संध्याकाळी ती हॉटेलात गेली. तुम्हीही चला म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, छे, मला इथे छान झोप लागते.

लागत नाही. सांगायला हवं होतं.