लिंबाच्या रसाने उठलेली लिसा

मी, बळीराम नत्थूजी रंगारी, वय ४९, धंदा टाइपरायटर दुरुस्ती, राहणार इंदोरा, नागपूर, तथागतांना वंदन करून, पूर्ण शुद्धीत आणि माझ्याच मनाने हे लिहून ठेवतो. पुढील महिन्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे. भीती नाही, पण यंत्र उघडण्याआधी स्क्रू कुठे ठेवायचे ते ठरवावे, ही माझी सवय.

१. घर व बँकेतील ठेव पत्नी सत्यवतीची.

२. दुकानातील हत्यारे धाकटा भाऊ चंपतराव याची.

३. लिसा संगणक मुलगी जया हिचा. हे कलम लांबले, कारण चंपतराव त्याला भंगार म्हणतो.

हे यंत्र १९८३ साली अमेरिकेत निघाले, किंमत दहा हजार डॉलरच्या घरात. हुकूम टाइप न करता माउसने पडद्यावरच्या चित्रांना हात घालणारे जे पहिले काही वैयक्तिक संगणक, त्यांतले हे. खपले नाही. वर्षभरात त्याच कंपनीच्या स्वस्त संगणकाचे, याच्या धाकट्या भावाचे, नाव झाले. वाट मात्र याने पाडली.

एका कचेरीने मोडक्या टाइपरायटरांबरोबर ते मला दिले. तिथले इंजिनीअर भैय्याजी यांनी 'यंत्र मृत' असा शेरा मारला होता. उघडले तर बॅटरी पाझरून आतल्या तांब्यावर हिरवा थर. बुद्धमूर्तीपुढचे तांब्याचे भांडे आम्ही लिंबाने घासतो; मी अंगणातले लिंबू तोडले. भैय्याजी पाहायला आले आणि हसले.

"काहून गा मिस्त्री, धम्म घेतला अन् आता मशीनीवरून निंबू उतरवून राहिला?"

"उतरवत नाही साहेब, घासून राहिलो."

मग बॅटरी काढून टाकली, शुद्ध पाण्याने धुतले, दोन दिवस सावलीत वाळवले. तिसऱ्या दिवशी पडदा उजळला. माउसने मी आईचे नाव चितारले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आईला जयाने वाचून दाखवले: तुळसाबाई. आईने काचेवर हात ठेवला. "माह्यं नाव एवढं मोठं कधीच नव्हतं गा."

आई आता नाही. नाव यंत्रात आहे. म्हणून यंत्र विकू नये, महिन्यातून एकदा सुरू करावे, बॅटरी पुन्हा बसवू नये. चंपतरावाने भंगारवाला आणलाच, तर आधी पडद्यावर आईचे नाव पाहावे आणि मग भाव सांगावा.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून भैय्याजींना पाच लिंबे आजच, हयातीत दिली.

नागपूर, दि. ३ मार्च १९८८
सही: ब. न. रंगारी

साक्षीदार:
१. कुसुमताई वासनिक, शेजारी
२. भैय्याजी देवतळे, इंजिनीअर. लिंबे पोहोचली. यंत्र जिवंत आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले.