सायकल पाट्टीचा जुलै

३ जुलै, गुरुवार
सकाळी ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेतून हेडमिस्ट्रेस तमिळसेल्वींचा फोन. अकरावीच्या मुलींना सरकारी सायकली मिळाल्या. पंचवीस तारखेला सगळ्याजणी कालव्याच्या काठाने पाण्याच्या दारांपर्यंत जाणार, चार किलोमीटर. सगळ्यांच्या पुढे सायकलवर कोण, तर मी. "तुम्ही आमच्या सायकल पाट्टी. आजीच नाही आली तर नाती कशा निघतील?" आणि हे तोंड हो म्हणून मोकळं.

अंजलैच्या अकरा गोष्टी लिहून झाल्या. पोरगी सायकलवरून कावेरीचा सारा मुलूख पालथा घालते, वाळूचोर पकडते, वाहून चाललेला बैल काठाला आणते. तमिळ मुलं वाचतात, पत्रं धाडतात. आणि लिहिणारी अडुसष्ट वर्षांची बाई अजून सायकलच्या सीटवर टेकलेली नाही.

वहीत लिहायला भीती नाही. घरी बोलतो मराठी, लिहितो तमिळ; नागरी अक्षर या घरात मला एकटीला येतं, तेही वडिलांच्या भजनाच्या वहीवरून लावत लावत.

५ जुलै, शनि.
बाकी सगळं केलं आहे हो. टोपलीसारख्या गोल परिसलीतून नदी ओलांडली. पेंढ्याच्या लॉरीवर बसून नागपट्टणम गाठलं. नारळावर चढले, अर्ध्यापर्यंत. जे अं. करते ते आधी मी करायचं, असा माझा नेम. एक सायकल राहिली.

पहिली गोष्ट सुचली तीच बसमधून. खिडकीबाहेर बायका सायकल शिकत होत्या, एक पडली नि हसत उठली. मग एका शाळेत मुलीने विचारलं, पाट्टी, तुम्ही किती वेळा पडलात? म्हटलं, सात. का म्हटलं देव जाणे. तेव्हापासून शाळा कोणतीही असो, मी एकटीच शिकले आणि सात वेळा पडले.

८ जुलै
अक्कांना सांगितलं. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. जन्मभर शाळेत खेळाच्या बाई, मुलींना मैदानभर पळवलं, शिट्टी अजून गळ्यात. हे गेल्यापासून आम्ही दोघीच घरात.
रागावतील वाटलं. त्या दह्यात डांगर पच्चडी कालवत होत्या. कालवता कालवता म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं पाहते आहे तुला. तू आणि सायकल? मला वाटलं, तुझ्या वाचकांना तरी ठाऊक असेल."
मागे पोत्यांखाली त्यांच्या नातीची सरकारी सायकल आहे. नात आता तिरुच्चीला कॉलेजात. हवा भरून आणली. ब्रेक ठीक. घंटी नाही.

९ जुलै
देवळामागचं मैदान. पाच मिनिटं. पडले.

११ जुलै
अक्का सीट धरून मागून चालतात. "पुढे बघ. पुढे. माझ्याकडे काय बघतेस, मी काय तिरुवैयारूला चालले आहे?"
आजवर चार वेळा पडले.

१४ जुलै, सोम.
आज दहा पायडल एकटीने. अक्कांनी हात सोडला होता, मला पत्ता नाही. कळल्याबरोबर पडले. तरी दहा म्हणजे दहा. दुपारी तेवढ्या आनंदात वांगीभात केला, अक्कांनी तीनदा घेतला आणि मीठ कमी म्हणाल्या.

सुरू करायला कोणी धरावं लागतं. वळता येत नाही. थांबताना उडी मारते. हे सोडलं तर येते म्हणायला हरकत नाही.

१८ जुलै
आडी महिन्यातला पहिला शुक्रवार. गल्लीत प्रत्येक दारापुढे कोलमची मोठी रांगोळी, तांबडी काव लावून. मैदानावर मांडव घातला आहे म्हणून अक्का म्हणाल्या, गल्लीतच चालव, सरळ तर जायचं आहे.

सरळ गेले. शेजारच्या वसंताच्या सोळा पाकळ्यांच्या कमळावरून, पुढच्या घरच्या कलशावरून, कोपऱ्यावरच्या टीचरबाईंच्या मोरावरून. चाकाची पांढरी रेघ टोकापर्यंत. शेवटी विजेच्या खांबाला मिठी.

वसंता हातात पिठाची वाटी घेऊन उभी. चाकाच्या रेघेकडे बघितलं. मग, "पाट्टी, तुमच्या अंजलैला बोलवा. ती शिकवील तुम्हाला."
संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. मी तिघींच्या दारी जाऊन माफी मागितली. टीचरबाईंनी कॉफी दिली, मोराबद्दल अवाक्षर नाही. तेच जास्त लागलं.

२१ जुलै
अक्का म्हणाल्या, "कालव्याला पाणी सोडलं आहे. काठ केवढा, तू केवढी. गुडघा दुखतो म्हण आणि गाडीत बस. खोटं पण नाही ते."
खरंच खोटं नाही. गुडघा दुखतोच. आज दिवसभर हे वाक्य डोक्यात गोड खाल्ल्यासारखं. कोणाला कळणार नाही. ओरत्तनाडू काही आमच्या गल्लीत नाही.
पण मग त्या मुली पुढे आयुष्यभर…

२३ जुलै
ठरवलं, सांगायचं. हेडमिस्ट्रेसबाईंना फोन केला. त्या हसल्या. "पाट्टी, किती विनय."

२५ जुलै, शुक्र.
सांगितलं. आधी मुद्द्याचं लिहिते, मग बाकीचं.

शाळेच्या पटांगणात पन्नासेक मुली, निळ्या नव्या सायकली, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. माईक हातात दिला. म्हटलं, "मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती. सात वेळा पडले हे खोटं. गेल्या अडीच आठवड्यांत मात्र अकरा वेळा पडले, ते खरं." मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्याच. हे. बाईंचा चेहरा पाहण्यासारखा.

एक मुलगी हसली नाही. निला नाव. हात वर करून उभी राहिली. "मागच्या वर्षी तुम्ही इथे सांगितलं, एकटी शिकले, काही झालं नाही. मी तेच घरी सांगितलं. अप्पा आधी सायकल घेऊच देत नव्हते. म्हणाले, लिहिणारी एवढी वयाची बाई खोटं कशाला सांगेल, आणि हो म्हणाले. आता मी अप्पांना काय सांगू?"

आवाज चढवला नाही तिने. उत्तर हवं होतं. म्हटलं, "मी येऊन सांगते." तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मग मिरवणूक. पुढे कोण? माझ्यासोबत आलेल्या अक्कांनी लुगड्याचा काचा मारला, एका मुलीची सायकल घेतली, शिट्टी वाजवली आणि निघाल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मी हे. बाईंच्या मोपेडवर मागे. पाणी काठोकाठ, शेतात लावणीच्या बायका कंबर सरळ करून बघत होत्या. मी हात हलवला. त्यांनी अक्कांना हात हलवला.

परतताना निला रांगेत शेवटची होती. चांगली चालवते.

२६ जुलै
दुपारी निलाचा फोन, हे. बाईंकडून नंबर घेऊन.
"पाट्टी, मी अप्पांना सांगितलं."
"मी येणार होते ना ग."
"शाळेत एवढ्या जणी होत्या. कोणाकडून तरी कळलंच असतं. मी आधी सांगितलं."
अप्पा ओरडले नाहीत. सायकल गोठ्यात नेऊन कुलूप लावलं. शाळा सहा किलोमीटर, गावची बस सकाळी एकदाच आणि तीही मनाला आली तर. आई म्हणते, बस चुकली की तू घरी. निलाला नर्सिंगला जायचं आहे.
"आता काय म्हणतात?"
"म्हणतात, त्या पुस्तकवाल्या बाईंना येऊ दे. मग बघू."

उद्या रविवार, जाते म्हटलं. मुलांसमोर पाचशे वेळा बोलले असेन. एका बापासमोर काय बोलायचं ते सुचेना. चार कागद फाडले. माफी मागावी तर तो म्हणेल, झालं, मग सायकल कशाला. सायकल चांगली म्हणावं तर कोणत्या तोंडाने?

अक्का कागद गोळा करत म्हणाल्या, "भाषण नको. त्याच्या अंगणात चालवून दाखव."
"पडेन मी, अक्का."
"पड. उठताना बघू दे त्याला."

२७ जुलै, रवि.
बस पावणेनऊची. केळी आणि थोडं गोड घेतलं आहे. निलाच्या आईला अं.ची पुस्तकं न्यावीत का? अक्का म्हणाल्या, "आज अंजलैला घरी ठेव." ठेवली. मग एक परत पिशवीत घातलं.

निलाचा पुन्हा फोन. अप्पा विचारतात, सोबत कोण येणार आहे, जेवायला किती. दोघी म्हटलं. कुलूप उघडलं का विचारलं. म्हणाली, किल्ली अप्पांच्या कमरेला आहे, पण सकाळी गोठ्यात जाऊन चाकाला हवा भरली त्यांनी. का ते सांगत नाहीत.

कदाचित विकायची असेल. कदाचित निलासाठीच…

अक्का दारापुढच्या तिण्णैच्या ओट्यावर चपला घालून सहापासून बसल्या आहेत. हाक मारतायत.