पार्किंग नंबर सातखालची विहीर

रविवार, १४ डिसेंबर, मानपाडा

आईच्या पेटीत साड्यांखाली फोटो सापडला. सव्वा महिन्याच्या मला कुशीत घेऊन आई गावच्या विहिरीची पूजा करतेय. मागे चिंच.

सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवला. म्हणाले, "इथे कुठली विहीर? आधी नुसतं गवत होतं."

"मागची चिंच बघा, आपल्या गेटजवळचीच आहे."

"चिंचा सगळ्या सारख्याच दिसतात."

सारख्या? हिची एक फांदी विहिरीवर वाकलेली आहे. आजही तशीच वाकलीय, पार्किंग नंबर सातवर. तिथे सेक्रेटरींचीच गाडी असते.

विहीर बुजवली तेव्हा मी गप्प का बसले?

उद्या सुनेचा सव्वा महिना भरतोय. पूजा तिथेच होणार. सकाळी सातच्या आत गाडी काढा, असं त्यांना आत्ताच सांगून आलेय.