रुळाकाठची जागा

अप्पा, तिकडे तुमची छाती आता भरून येत नाही ना? आजीचे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का? आणि सगळ्यांत धाकटा आपला बाळ, पाळण्यातच गेलेला, तो बरा आहे ना? त्याच्याचपायी आज लिहायला बसले. इथे आई ठणठणीत आहे. कानानं स्वल्प कमी, जिभेनं मुळीच नाही.

माझ्या मुलानं नवी मोटार घेतली, तर आई म्हणाली, ''देऊळबिऊळ नको. मला आपल्या स्टेशनात ने.'' चिंतामणी गावाच्या अलीकडचं ते स्टेशन, जिथे तुम्ही मास्तर होतात. छोटी गाडी बंद झाली, आता तिथे रुंद रूळ टाकणार म्हणतात. आईचं एकच, बुलडोझर फिरायच्या आत मला माझ्या लेकराची जागा बघू दे. आपल्यात तान्ह्याला अग्नी नाही, मातीत ठेवतात, आणि बाईमाणसानं तिथवर जायचं नाही. तुम्ही एकटेच त्याला घेऊन गेलात, रिकाम्या हातांनी आलात, आणि तिला जागा कधी सांगितली नाहीत.

चिक्कबळ्ळापूरच्या पुढे रूळ उरलेच नाहीत. नुसता मातीचा बांध, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, मधेच द्राक्षाच्या मळ्यात गडप. आई पुढच्या सीटवर बसून हुकूम सोडते आहे, ''वळव, वळव!''

''आजी, इथे रस्ता कुठाय?''

''तुला रस्ता लागतो. मला गाडीची वाट दिसते.''

''मग तूच चालव!''

''वेळेवर शिकवली असती तर चालवलीच असती.''

स्टेशनाच्या भिंती आहेत, छप्पर गेलंय. तिकिटाच्या खिडकीत कुणीतरी गोवऱ्या रचल्यात. त्या काढायला आलेल्या बाईनं कन्नडात विचारलं, ''काय हुडकता, अक्का?'' आईनं सांगितलं. बाई म्हणाली, ''सगळं नांगरलंय अक्का, काय सांगू?'' आई फलाटाच्या कडेला बसली. थोड्या वेळानं ती आपली आपणच उठली, फलाटामागच्या करंजाखाली जाऊन उभी राहिली नि म्हणाली, ''इथेच.''

''कशावरून, आजी?''

''तुझ्या आजोबांनी त्याला उन्हात ठेवला नसता.''

तिनं बरोबर आणलेलं दूध ओतलं, आणि मांडीवरच्या पोराला थोपटावं तशी जमीन थोपटत बसली. येताना हॉटेलात दोन डोसे खाल्ले आणि गाडीत तोंड उघडं टाकून झोपली. अशी झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

अप्पा, हे काही पोस्टात पडायचं नाही, म्हणून सांगते. शेवटच्या आजारात मी पेज भरवत असताना तुम्ही जागा सांगितली होतीत. बांधाच्या पलीकडे, रुळांखालच्या मोरीजवळ. तिथे आता टोमॅटो लावलेत, मधून पंपाचा पाइप गेलाय. मी ते पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. बरोबरच केलं, त्यात मला शंका नाही. फक्त तेव्हा मोरीजवळ सावली होती का, एवढं कळवा. लवकर लिहा.